मुनीमाच्या खुनाचा उरलेला अर्धा भाग

दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, मारेगाव, जि. यवतमाळ

विषय : मौजा सावरगोटा येथील समाजमंदिराचे कुलूप उघडून बोलपट पूर्ण पाहू देणेबाबत.
संदर्भ : ग्रामपंचायतीने दारावर चिकटवलेली नोटीस.

महोदय,

माझी नात अर्पिता हिला मुलगी झाली त्या साली, म्हणजे २०२३ मध्ये, तिने आपला जुना टीव्ही समाजमंदिराला दिला. तेव्हापासून आम्ही म्हातारी माणसे दर सोमवारी दुपारी त्यावर सुरुवातीच्या काळातले खुनाचे बोलपट पाहतो.

तेव्हा चित्रपटात आवाज नवीनच आला होता. म्हणून त्यात दाराची कडी वाजली तरी कान द्यावा लागतो. आजच्या चित्रपटात वीस माणसे मरतात व एकाचेही नाव कळत नाही. यात एकच मरतो आणि शेवटपर्यंत सगळे त्याचीच चौकशी करतात.

आमचा नियम असा की, मध्यंतराला टीव्ही बंद करून प्रत्येकाने खुनी कोण ते कारणासह मोठ्याने सांगावे. दि. २८ जुलै रोजी माझी मैत्रीण सुखीबाई ढोके ओरडून म्हणाल्या, "शेटच्या पुतन्यानंच मारलं मुनीमाले! कडी वाजली नाही. आवाज न करता ते कशी उचलाची, हे घरच्याच मानसाले मालूम!" समोरच्या घरी आलेल्या पाहुण्याने हे ऐकून पोलिसांना फोन केला. जमादारांनी येऊन मुनीमाचे प्रेत कुठे आहे असे विचारले. आमच्यातल्या कमलाकर मास्तरांनी खरे तेच सांगितले, की मुनीम मरून नव्वद वर्षे झाली. त्यामुळे संशय वाढला आणि बोलपट मध्यंतरालाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागले. अशा चित्रपटांनी वृद्धांच्या मनावर वाईट परिणाम होतो, त्यांनी भजन करावे, असे नोटिशीत आहे. ती मी स्वतः वाचली. साठीनंतर साक्षरता वर्गात अक्षरे शिकले, ती असल्या नोटिशीपुढे मान डोलावण्यासाठी नाही. भजन आम्ही पहाटे करतो. ऐंशीव्या वर्षी बिघडण्यासारखे आमच्यात काय उरले, तेही लेखी कळवावे.

घरचे म्हणतात, उरलेला मोबाईलवर पाहून घ्या. पण एकट्याने पुढचे पाहणाऱ्याला आम्ही पुन्हा आमच्यात बसू देत नाही. सुखीबाईंनीही पाहिला नाही.

तरी सोमवार, दि. १८ ऑगस्ट रोजी दुपारी कुलूप उघडून द्यावे. न उघडल्यास कोणाच्या तरी घरचा टीव्ही समाजमंदिराच्या ओट्यावर आणून तिथेच पाहू. गुन्हा दाखल करायचा तर माझे नाव पहिले लिहावे. तारीख बदलता येणार नाही, कारण त्या दिवशी तेरवी आहे.

सुखीबाई किसनराव ढोके, वय ८१, या बुधवार, दि. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी वारल्या.

आपली नम्र, परंतु ठरल्या वेळी हजर राहणारी,
रुखमाबाई रामराव वानखडे
(सही स्वहस्ते)