डाव्या कुशीवरचा देश

मंगळवार, ४

पहिली आली ती खालच्या शिंप्याची बायको, सुई मागायला. शिंप्याच्या घरात सुई नाही म्हणे! खाली गाडी थांबलेली पाहिली होती तिने, म्हणून येऊन बसूनच राहिली. मागोमाग दोन साहेब, ओळख खात्याचे. नातीची गोष्ट मासिकात छापून आली ना, ती वाचून आले.

गोष्टीतल्या राजाला आपली माणसं कोण तेच कळेना. प्रधान म्हणतो, डाव्या कुशीवर झोपतात ते आपले, उजव्या कुशीवरचे परके. मी पोट धरून हसले होते. साहेब हसले नाहीत. "आजी, फार अभ्यासपूर्ण लेखन आहे." मी तर हरखलेच. चहा केला. तुमच्याकडे पूर्वीपासून डावीच कूस का, विचारलं. म्हटलं, अहो, आजेसासऱ्यांपासून. बोलत सुटले नुसती. शिंपिणीला चिडवायला म्हटलं, हिचा नवरा मात्र उजव्या कुशीवर, मशीन चालवून डावा खांदा धरलाय त्याचा. तीही हसली. साहेबांनी लिहून घेतलं.

बुधवार, ५

नात रात्रपाळी करून आली, ऐकलं आणि मासिक माझ्या पुढ्यात ठेवलं. "आजी, ती थट्टा होती गं. त्या साहेबांच्या खात्याचीच."

मग सांग की तसं, म्हटलं.

"थट्टा म्हटलं तर देशाची टिंगल केली म्हणून मला नेतील. खरं म्हटलं तर उजव्या कुशीवाल्यांना."

जेवली नाही पोरगी.

शुक्रवार, ७

रेडिओवर सांगितलं — प्रत्येकाने आपली कूस नोंदवायची. नातीला थोर संशोधिका म्हणाले. अभिनंदनाला माणसं आली, सगळी मान डावीकडे कलती करून बोलत होती. एरवी किती हसले असते.

शनिवार, ८

शिंप्याला नेलं. बायको दारात. "आजी, गंमत केली म्हणून सांगा ना त्यांना." माझ्याच तोंडून गेलं होतं ते. माझ्या!

मग चप्पल घातली नि गेले कचेरीत. म्हटलं, साहेब, गोष्ट खोटी आहे, मीच रचून सांगितली, नातीचा दोष नाही. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "खोटी कशी आजी? निम्म्या शहराने कूस नोंदवली पण."

सोमवार, १०

शिंपी आला नाही. नात झोपलीये. लहानपणापासून उजव्या कुशीवर. पाठीशी उशा लावल्या, हाताने वळवलं, झोपेत परत फिरते. साहेबांना थोर संशोधिकेचा झोपलेला फोटो हवाय, शाळांतून लावायला. बुधवारी पहाटे येतो म्हणाले, उठवू नका.