तहकूब सभेचा ठराव

बोरवस्ती, ता. राहाता

तीर्थस्वरूप नीलांबरी आत्यास मार्तंडचा साष्टांग नमस्कार.

माझं अक्षर पाकिटावर बघून दचकू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत, माझी बदलीही झालेली नाही. तुझे गुडघे कसे आहेत? श्रीरामपूरच्या शाळेत बत्तीस वर्षं उभं राहून शिकवलं त्याचं ते बक्षीस, असं तू म्हणायचीस. (मी खुर्चीत बसून शिकवतो, तर माझी कंबर गेली.) तुझी सूनबाई रुचा तुला नमस्कार सांगते आणि लिंबाच्या लोणच्याची आठवणही काढते.

तर आत्या, दिवाळीनंतर आम्हाला नगरला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण कंडक्टरकडे तिकीट मागताना तोंडात नगरच येतं.) विषय असा, की मुलं वर्गात रमली पाहिजेत. हे आम्हाला पाचही दिवस भाषणातून सांगितलं आणि मागच्या रांगेतले आम्ही तिघं त्यात इतके रमलो, की चहा आल्यावरच जाग यायची. तरी परत आलो तो पेटूनच. चौथीच्या अठरा पोरांचे गट पाडले आणि त्यांना आपल्या नद्यांची नावं दिली, मुळा, प्रवरा, गोदावरी. इथंच माती खाल्ली. तासाभरात मुळा गटानं पाण्याचा माठ अडवला आणि खालच्या बाकांना थेंब सोडणार नाही म्हणून जाहीर केलं. गणितासाठी वर्गात बाजार भरवला, तर पोरांनी घरच्या बागेतले पेरू आणले आणि वजाबाकी परस्पर पोटात केली. या सगळ्या धुडगुसात एकच पोरगी गप्प, पूजा. जूनपासून हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. खरं सांगतो, तिच्याकडे बघितलं की माझी चौदा वर्षांची नोकरी मला फुकट वाटायची.

मग सहल हिवरे बाजारला नेली. तिथं गावाचं सगळं ग्रामसभेत ठरतं हे ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळला. दर शनिवारी वर्गाची ग्रामसभा सुरू केली. सूचक, अनुमोदक, ठराववही, सगळं रीतसर. पोरांना विश्वास वाटावा म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी सहीनिशी लिहून दिलं, की सभेचा ठराव गुरुजींनाही बंधनकारक राहील. (कपाळाला हात लावू नकोस, अजून पुढं आहे.) ही गोष्ट केंद्रप्रमुखांच्या कानावर गेली. पुढच्या शनिवारी ते स्वतः सभा बघायला येताहेत, बरोबर दहा शाळांचे शिक्षक घेऊन. म्हणजे माझी अब्रू आता त्या वहीत आहे.

गेल्या आठवड्यात पत्रलेखन घेतलं. फळ्यावर नमुना दिला, मामास सहलीचा वृत्तांत. अठरा जणांनी अठरा मामांना एकच पत्र लिहिलं. ओमला तर मामाच नाही. शनिवारच्या सभेत मी विचारलं, तुम्हाला पत्राचा कंटाळा का येतो? पूजानं हात वर केला. मला वाटलं, पाणी प्यायला जायचं असेल. ती उठली आणि म्हणाली, "गुर्जी, तुमी सोता कवा लिवलं शेवटचं पत्र?" आत्या, सहा महिन्यांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या भरात तोंडातून निघून गेलं, गेल्याच महिन्यात, आमच्या आत्याला. (शेवटचं मी डी.एड.ला असताना लिहिलं होतं, आणि तेही धुतलेल्या चादरी पाठव म्हणून.)

लगेच पूजाची सूचना आली, की गुरुजींनी आत्याचं उत्तर पुढच्या सभेत वाचून दाखवावं. मी शिताफीनं डोकी मोजली. अकरा जण लग्नाला गेलेले, म्हणजे गणपूर्ती नाही, म्हणजे सभा तहकूब. सुटलो म्हणत खिचडीची चव बघायला गेलो. पण खिचडी शिजवणाऱ्या केशरबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. "आर्ध्या घंट्यानं परत भरवा की," त्यांनी पातेलं ढवळता ढवळता पोरांना सांगितलं, "तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई. आमच्या पंचायतीत लई वेळा हुतं." मी पोटभर खिचडी खाऊन, हात धुऊन येईपर्यंत लिंबाखाली ठराव मंजूर झाला होता. सूचक पूजा, अनुमोदक ओम. उत्तर आलं नाही तर गुरुजींनी आठवडाभर वर्ग झाडायचा, सुरुवात त्याच शनिवारी, म्हणजे केंद्रप्रमुखांच्या पायाशी. मी निमूट सही केली.

पण एक सांगतो, तेव्हापासून पूजाच्या तोंडाला कुलूप नाही आणि पोरं नमुन्याशिवाय पत्रं लिहायला लागलीत. ओमनं आजीला कळवलंय, की कुत्रीला पाच पिल्लं झाली आणि त्यातलं एक तुझ्यासारखं दिसतं. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. तू मात्र सांगायचीस, पोराला खरं काम दे, मग बघ.

गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा आणि जिना जपून उतर.

तुझा,
मार्तंड

ता. क. उत्तर चार ओळींचं चालेल, पण शुक्रवारपर्यंत पोचव. आणि वर तारीख गेल्या महिन्यातली टाक. पाकिटावरचा शिक्का मी कुणाला दाखवणार नाही. तुझी शिस्त मला ठाऊक आहे, पण आयुष्यात एकदा भाच्यासाठी एवढं कर.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र वर्गाला दाखवायचं, असं त्याच ठरावाचं दुसरं कलम निघालं. मी न वाचताच सही केली होती. आत्ताच सभा झाली. आज गणपूर्ती भरपूर होती. झाडू माझ्या टेबलावर आणून ठेवलाय. खालच्या ओळी माझ्या नाहीत.

आत्याबाईंना नमस्कार. गुर्जी खोटं बोलले हुते. आमी माफ केलं, पन झाडायला लावनार हाय. तुमी तारीख खरीच टाका. आन् उत्तर मोठं लिवा, तुमी बी लई दिस वाट बघितली आसंल. आता गुर्जी दर म्हैन्याला तुमाला पत्र लिवतील. तसा ठराव झाला हाय.
पूजा, सूचक