माजाचं टाइमटेबल

१० फेब्रुवारी
काकांनी गोठा माझ्या हातात दिला. ट्रायलवर. गाय व्यायला महिना झाला. एप्रिलअखेर ती परत गाभण, तर गोठा कायमचा माझा. नाहीतर मी परत ऑफिसात. सोपं आहे. गाय आधी माजावर यायला हवी, बस. तीन आर्टिकल्स वाचली. एक्सेल शीट रेडी.

१२ फेब्रुवारी
रिसर्च म्हणतो, जाड गायी माजावर उशिरा येतात. आपलीचं पोट सुटलंय. अर्धी पेंड बंद. काकू म्हणाली, बाळंतीण आहे रे ती, लग्नाला उभी नाही. बरगड्या मोज तिच्या. मोजल्या नाहीत. इमोशनल लोकांशी वाद घालायचा नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११.३०
ऑब्झर्वेशन टाइम फिक्स. रोज अकरा ते साडेअकरा, नाश्ता-आंघोळ उरकून. गाय रवंथ करत होती. काकू म्हणे पहाटे बघ, तुझ्या सोयीने ती माजावर यायची नाही. पण डिसिप्लिन गायीलाही लागतेच.

५ मार्च
चारपासून हंबरतेय. झोपेचं खोबरं. काकू दार वाजवत होती. म्हटलं, अकराला बघू. अकराला बघितली, शांत. शीटमध्ये: 'माज नाही'.

२८ मार्च
'माज नाही', बेचाळिसावी वेळ. नवं कारण सापडलं: वासरू सारखं लुचतं म्हणून माज लांबतो. वासराला दूर बांधलं. त्याने माझी चप्पल चघळली. डाएटवर असून गाय भरतेय. मेटाबॉलिझम स्लो असणार.

३० एप्रिल
शेवटचा दिवस. डॉक्टर बोलावले, माजाच्या इंजेक्शनसाठी. शीट प्रिंट करून दिली. त्यांनी ती गायीच्या पाठीवर ठेवली, खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, तपासलं आणि म्हणाले, कसलं इंजेक्शन? आठ आठवड्यांची गाभण आहे ही.
मी म्हटलं, इम्पॉसिबल, शीट बघा.
काकू म्हणाली, त्या दिवशी पहाटे हंबरत होती ना, संध्याकाळी या डॉक्टरांनीच तर येऊन रेतन करून भरवली. आणि पेंड पूर्ण चालू आहे, तू आंघोळीला गेलास की घालते.
मला का नाही सांगितलंस, विचारलं.
म्हणाली, दार वाजवून हात दुखला रे बाबा.
काकांना समजावलं, टेक्निकली टार्गेट अचीव्ह झालंय. ते म्हणाले, झालंय ना, आणि गोठ्याची किल्ली काकूच्या हातात ठेवली.

३० एप्रिल, दुपारी
ऑफिसच्या जुन्या मॅनेजरला सीव्ही पाठवला. एक्सपिरियन्स: डेअरी मॅनेजमेंट, अडीच महिने, शंभर टक्के रिझल्ट.