मानेवरचं लाल कडं आणि मॅरेन

६ जानेवारी, सोमवार.
मानेवर डाव्या बाजूला लाल कडं. खाजतंय. ख्रिसमसच्या डान्सनंतर मॅरेननं बरोबर तिथंच किस केलं होतं. अठरा वर्षांत ही माझी पहिलीच गर्लफ्रेंड, म्हणजे हे आलं तिच्याकडूनच. मग तिला कुणाकडून? शांत राहायचं ठरवलंय. उगाच कुणावर आरोप करणं माझ्या स्वभावात नाही.

७ जानेवारी.
मॅरेनला शांतपणे सांगितलं की टेस्ट करून घे. कसली, म्हणाली. तुलाच माहीत, म्हटलं. रडली. निरपराध माणूस इतक्या लगेच रडत नाही.

८ जानेवारी, प्रॅक्टिसनंतर.
कॉल्बीच्या मानेवर तस्संच कडं! कॉल्बी माझा कुस्तीतला जोडीदार. रोज दोन तास मानेला मान घासून झुंजतो आम्ही, आणि पठ्ठ्या एका शब्दानं बोलला नाही. सहज विचारलं, मॅरेन कशी वाटते तुला? चांगली आहे की, म्हणाला. झालं, कबुलीच दिली.

१० जानेवारी, दुपार. क्लिनिक.
स्वतःची गुप्तरोगाची टेस्ट करायला आलो. पुरावा हातात हवा. उद्या मॅच, वजन उतरवायचं म्हणून कालपासून पाण्याचा थेंब नाही. आणि नर्सबाईंनी लघवीसाठी कप दिला. बाथरूममध्ये नुसता उभा. बाई दाराबाहेरून म्हणाल्या, बाळा, नळ सोडून बघ. मग पाणी प्यायला देऊ लागल्या. मी नाही म्हटलं. शेवटी रक्तावर भागलं.
तुमच्यात नक्की काय झालं, विचारलं. किस, म्हटलं. एवढंच? मानेवर, म्हटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, मान बघितली आणि विचारलं, कुस्ती खेळतोस का? नायटा दिसतोय, मलम लाव, म्हणाल्या. विषय बदलायची ही पद्धत मी ओळखतो. मॅरेनच्या नात्यातल्या असणार.

११ जानेवारी.
कड्यावर बहिणीचं फाउंडेशन थापून गेलो. मॅचआधी रेफरी सगळ्यांना रांगेत उभं करून कातडी तपासतो. त्यानं माझ्या मानेवर अंगठा फिरवला, रंग अंगठ्याला. मी बाहेर. कॉल्बीही बाहेर. मग आणखी तिघं.
पाच जण! मॅरेनबद्दलचा माझा अंदाज फारच कमी होता.
कोचला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, गाढवा, हे मॅटवरून येतं, त्या पोरीचा काय संबंध? तिची बाजू घ्यायची त्याला एवढी घाई का?

१५ जानेवारी.
रिपोर्ट आला. सगळं क्लीन, उरला फक्त नायटा. मोठ्या मनानं मॅरेनला माफ करायचं ठरवलं. शाळेच्या पार्किंगमध्ये गाठून तसं सांगितलंही.
ती म्हणाली, मीही टेस्ट केली. आईला सांगावं लागलं. आई गाडीत जाताना बोलली नाही, येतानाही नाही. आणि मी कुणालाही किस केलं नव्हतं, तुझ्याशिवाय.
मग तू कशाला घाबरलीस, रिपोर्ट क्लीनच येणार होता, असं मी म्हटलं.
हे तुला आज कळलं, म्हणाली. तिच्या कानामागे छोटं लाल कडं दिसलं. माझ्याचसारखं. तिनं केस पुढे घेतले आणि गेली.
धावत जाऊन सॉरी म्हणायला हवं होतं. फार वाईट वाटत होतं. पण मी मागे येतो का हेच ती बघत असणार, असा संशय आला, म्हणून जागचा हललो नाही.
तिनं वळून बघितलंच नाही.