फक्कीनं काढलेलं घर

तीर्थरूप आक्का यांच्या पायांवर धाकट्या जावेचं डोकं. (प्रत्यक्षात टेकवलं असतं, तर तुम्ही “हळू, गुडघा दुखतोय” म्हणाला असतात, म्हणून कागदावरच टेकवते.)

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. तुमचे गुडघे, तुमचा चष्मा आणि तुमचा स्वभाव तिन्ही बरे असतील अशी आशा करते. पहिल्या दोन्हींवर निदान इलाज तरी आहे. कर्वेनगरचा तुमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, वारा छान येत असेल, अनिरुद्ध आणि सूनबाई अक्षता दोघं कंपनीत गेले की घरात शांतताही असेल. इकडे तुमच्यावाचून काही अडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगीच जिवाला लावून घ्यायला नको. उलट आता आपल्या दोन घरांमधल्या भिंतीवर लाटणं वाजवून मीठ मागायला नको, की पलीकडून तुमचं “काय कटकट आहे!” ऐकायला नको. मी मीठ दुकानातून आणते. दुकानदार “काय कटकट आहे” म्हणत नाही. त्यामुळे मिठालाही तशी चव नसते.

फोन सोडून पत्र का लिहितेय, असं वाटेल. फोनवर तुम्ही नुसतं “हं, हं” करता आणि मागून अक्षता विचारते, काकू काय म्हणतायत. शिवाय तुम्हाला कमी ऐकू येतं हे तुम्हाला मान्य नाही, आणि मी ओरडून बोलले की तुमच्या धाकट्या दिरांना वाटतं गोठ्यात साप निघाला. तेव्हा चष्मा लावून तुमचं तुम्हीच वाचा. तुम्ही चौथी पास आणि मी सातवी, हे एवढ्या वर्षांत मी तुम्हाला क्वचितच ऐकवलं असेल (दिवसाआड म्हणजे क्वचितच), पण आज त्या तीन इयत्तांचं सार्थक करते.

तर आक्का, तुम्ही गेल्यावर आपली वाडी पुण्यात आली. म्हणजे वाडी जागची हलली नाही, पुणंच इकडे सरकलं. पत्त्यावर ‘पुणे शहर’ लिहायला लागलो, आणि वरच्या आळीतल्या उत्तरेश्वरानं (तोच, ज्याला सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावलं तरी भाषण सुचतं) वाडी सुधार समिती काढून स्वतःला अध्यक्ष करून घेतलं. ओढ्यापलीकडे, जिथं आपण घोळाण्यासाठी हरभऱ्याचा कोवळा पाला खुडायला जायचो, तिथं आयटीवाल्यांच्या उंच इमारती झाल्या. त्याचं वाईट वाटलं नाही, माणसांनी कुठंतरी राहायचंच. पण शहरातली जुनी घरं पाडून निघालेला राडारोडा ट्रक भरभरून यायला लागला आणि आपल्या ओढ्यात पडायला लागला. ज्या दगडावर तुम्ही धुणं आणि माझी अब्रू एकदमच धूत होतात, तो दगड गाडला गेला. तेव्हा मात्र मला राग आला. तो दगड निम्मा माझा होता.

उत्तरेश्वरानं अर्ज केले, सभा घेतल्या, ट्रक काही थांबेनात. मग जे झालं, त्याला आता सगळे ‘महिलांचं आंदोलन’ म्हणतात, पण तुमच्यापासून काय लपवायचं? वाळवणाचे दिवस होते आणि ट्रकांच्या धुळीनं अंगण, ओसरी, पत्रे सगळं माखलेलं. ऊन लागणारी, झाडून स्वच्छ करता येईल अशी सपाट जागा एकच उरली होती, ती म्हणजे ट्रकांचाच रस्ता. गव्हाचा चीक शिजून तयार, तो काही कुणासाठी थांबत नाही. आम्ही रस्ता झाडला, जुनी लुगडी अंथरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडया घातल्या. तेवढ्यात ट्रक आला. ड्रायव्हर विदर्भाकडचा, बद्रीनाथ नावाचा. त्यानं हॉर्न वाजवला, खाली उतरला, कुरडया बघितल्या, आणि आक्का, त्यानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. म्हणाला, “आमची माय बी अशाच घालते.” मी त्याला वाटीभर गरम चीक दिला, वर तूप. तो खाऊन त्यानं ट्रक मागे घेतला तो घेतलाच. मागच्या ट्रकवाल्यांनाही त्यानंच परतवलं. भाषणाला न भिणारा माणूस दुसऱ्याच्या वाळवणावर चाक घालत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग काय, रोज वाळवण! कुरडया संपल्या, पापड संपले, सांडगे संपले. शेवटी मी वाळलेल्या कुरडयाच पुन्हा वाळत घातल्या.

इमारतीतल्या बायका गॅलरीतून हे बघत होत्या. त्या आधी कुरडया विकत न्यायला आल्या, मग भाजी विचारायला लागल्या, आणि त्यातून आमचा भाजीचा कट्टा उभा राहिला. दलालाला फाटा देऊन सकाळी आम्हीच बसून भाव ठरवतो, पिकवणाऱ्याला परवडेल आणि घेणाऱ्याला पटेल असा, आणि मग तो दिवसभर हलत नाही. (हलवायचा प्रयत्न होतो. संगणकावर जगाचे व्यवहार करणारी माणसं मेथीच्या जुडीपुढे अगदी आपल्यासारखीच होतात.) भाव कमी होणार नाही, पण पिशवीत वर कढीपत्त्याची काडी फुकट, असा नेम केलाय. कढीपत्ता तुमच्या जागेतला. तुम्ही गेलात, घर पडलं, पण ते झाड काही ऐकत नाही, भिंतीच्या वर गेलंय. इमारतीत त्याला ‘गोदाबाईंचा कढीपत्ता’ म्हणतात. गोदाबाई कोण हे एकीलाही माहीत नाही. मला विचारतात, तेव्हा मी म्हणते, आमच्या थोरल्या, येतील इतक्यात. हे मी का म्हणते ते मलाही ठाऊक नाही.

आता मुख्य भानगड. ट्रक थांबले, पण नकाशाच्या ऑफिसातून कळलं की नव्या नकाशात आपला ओढा नाहीच! त्या जागी रस्ता आखलाय, तो थेट तुमच्या जागेतून पलीकडच्या इमारतींना जाणार. हरकत घ्यायची तर घ्या, म्हणाले. हरकत म्हणून उत्तरेश्वर दोन तासांचं भाषण देणार होता, पण उत्कर्षा नावाची एक मुलगी देवासारखी आली. कर्वेनगरच्याच कॉलेजात घरं आखायचं शिकते, वाडीचा अभ्यास करायला येते आणि माझी भाकरी खाऊन जाते. (तुमच्या फ्लॅटपासून दोन गल्ल्यांवर राहते. मी तुमच्या तब्येतीची चौकशी तिच्याकडून करते, हे तिनं तुम्हाला सांगू नये असं ठरलंय.) ती म्हणाली, काकू, त्यांचा नकाशा चुकला तर आपण आपला काढू. कागदावर काढायला कुणाला येत नव्हतं, म्हणून शाळेच्या मैदानात, आट्यापाट्यांना आखतो तशी चुन्याची फक्की घेऊन, सगळ्या गावानं मिळून काढायचा असं ठरलं.

असा गोंधळ बघायला तुम्ही हव्या होतात! ज्यानं त्यानं आपलं घर देवळापेक्षा मोठं काढलं. उत्तरेश्वराचा गोठाच शाळेएवढा झाला. बायकांनी ओढा काढला तो इतका प्रेमानं वळणं देऊन की तो दोनदा वाडीला वळसा घालून आला. उत्कर्षा शाळेच्या गच्चीवरून ओरडत होती, पावलं मोजा, पावलं मोजा! पुसून पुसून दुपारपर्यंत जमलं. भूमिहीनांच्या घरांसाठी जागा, कट्ट्याची जागा, ओढ्याकाठी झाडं, सगळं भांडून का होईना, एकमतानं ठरलं. मीही माझं घर काढलं. आधी स्वयंपाकघर, मग आपली मधली भिंत. आणि आक्का, ती भिंत काढल्यावर हात थांबलाच नाही. भिंतीच्या पलीकडे तुमची चूल काढली, ओसरी काढली, तुमचा उंबरा काढला. कुणीतरी येऊन दारात तुळस काढली. कढीपत्ता तर ह्यांनीच काढला, मी डोळ्यांनी बघितलं. उत्कर्षानं वरून विचारलं, हे घर कुणाचं? सगळ्या मैदानानं एका तोंडानं सांगितलं, गोदाबाईचं. ते घर पडून तीन पावसाळे झाले, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तिनं सगळं कागदावर नीट उतरवून घेतलं. मोठ्या प्रती काढायला आम्ही दोघी नारायण पेठेत गेलो. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “गाव विकायचंय की विकत घ्यायचंय?” मी म्हटलं, राखायचंय. तो म्हणाला, “मग दोन प्रती जास्त काढा. हरवतात.” इतका उपयोगी खवचटपणा मी तुमच्यानंतर पहिल्यांदाच ऐकला.

गेल्या आठवड्यात ऑफिसचे साहेब जागेवर बघायला आले. माणूस वाईट नव्हता, घामाघूम झाला होता, ताक मागून घेतलं. ओढा बघितला, बरोबर आहे म्हणाला. कट्टा बघितला, बरोबर आहे म्हणाला. मग तुमच्या जागेत उभं राहून त्यानं नकाशा एकदा सरळ धरला, एकदा उलटा धरला आणि विचारलं, इथं घर दाखवलंय, ते कुठं आहे? आयुष्यात पहिल्यांदा उत्तरेश्वराला शब्द सापडेना. हे माझ्या कानाशी कुजबुजले, “अगं, घर हाय कुठं आता?” मी पदर खोचला आणि साहेबांना म्हटलं, घरातलं माणूस लेकाकडे गेलंय. (हे खरंच आहे.) साहेबांनी मधल्या भिंतीकडे बघितलं. तिच्या तुमच्या बाजूला अजून तुमचा कोनाडा आहे, कॅलेंडरचा खिळा आहे, चुलीची काजळी आहे. हे कितीदा म्हणाले गिलावा करून घेऊ, मी करू दिला नाही. साहेबांनी काजळीवरून बोट फिरवलं. म्हणाले, मोकळी जागा असेल तर रस्ता सरळ जाईल आणि ओढा पाइपात घालावा लागेल. राहतं घर असेल तर रस्ता वरच्या अंगानं न्यावा लागतो. बाई कधी येणार? माझ्या तोंडून निघून गेलं, नागपंचमीला. साहेब म्हणाले, मग पंचमीनंतर येतो.

एवढंच घडलं. बाकी सगळं ठीक. तुम्ही प्रकृतीला जपा, लिफ्टनंच जा, आणि माझी काळजी करू नका, जी तुम्ही करत नाहीच.

तुमची धाकटी,
अनसूया

ता. क. – सोबत उत्कर्षाच्या हाती डबा पाठवलाय. कुरडया त्याच रस्त्यावरच्या आहेत, दोनदा वाळलेल्या, त्यामुळे चांगल्या फुलतील. डब्याच्या झाकणावर माझं नाव आहे, लक्षात असू द्या. डबा रिकामा परत करू नये, हे मला नवी नवरी असताना तुम्हीच शिकवलंत.

ता. क. दुसरा – अनिरुद्ध त्या जागेचं बिल्डरशी बोलतोय असं कानावर आलं. पोराला मी बोल लावत नाही. पायावर घेऊन त्याला न्हाऊ घातलंय, मन माहीत आहे त्याचं. जागा मोकळी पडलेली दिसली म्हणून बोलला असेल. पण जागा तुमच्या नावावर आहे. त्यानं कागद पुढे केला तर तो पंचमीपर्यंत चष्म्याखाली ठेवून द्या, आणि त्याला घेऊन एकदा या. एक खोली बांधायला माणसं तयार आहेत. उत्तरेश्वर पत्रे देतोय (भाषणासकट), बद्रीनाथनं विटा आणून टाकतो म्हणून सांगितलंय. तुमच्या शब्दावाचून मी कुणाला कुदळ लावू दिलेली नाही. तीनच भिंती घालायच्या आहेत आक्का, चौथी आहेच.

ता. क. तिसरा – वर लिहिलंय की तुमच्यावाचून काही अडलेलं नाही, ते खोडायचं राहिलं. पंचमीला बाया माहेरी जातात. तुमचं माहेर उरलं नाही, माझंही नाही. जावेकडे माहेरपणाला यायची रीत नाही, पण रस्त्यावर कुरडया घालायचीही नव्हती. मला तुमच्याशिवाय करमत नाही. कधी कधी संध्याकाळी मी अजून भिंतीवर लाटणं वाजवते. पलीकडे कुणी नाही हे माहीत असतं, तरी थोडा वेळ थांबते. पंचमीला चिरायचं नसतं, तवा ठेवायचा नसतो, पण उकडायला पुरणाची दिंडं लाटायची असतात, म्हणजे लाटणं हातात असणारच. सकाळी एकदा वाजवीन. तुम्ही पलीकडून नुसतं “काय कटकट आहे!” म्हणा.