दोन तासांचा स्पीकर

मंगळवार, संध्याकाळ

दर शनिवारी मामंजींचे मित्र आमच्या हॉलमध्ये कराओकेवर गातात आणि मी आत भाकऱ्या थापते. जुना स्पीकर बिघडला तेव्हा वाटलं, सुटले. तर मामंजींनी नवा आणायचं माझ्यावरच टाकलं. स्वस्तातला बघ, म्हणाले. पिरंगुटच्या दुकानात मी एकच विचारत होते, बॅटरी किती चालते? मुद्दाम दोन तासवाला घेतला. दोन तास, की मंडळी आपापल्या घरी. स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. आज मामंजींनी त्याला वायर जोडली. वायर असली की बॅटरी संपायचा प्रश्नच नाही, हे मला कसं सुचलं नाही? हॉलमधला प्लग टीव्हीला लागतो, म्हणून स्पीकर माझ्या ओट्यावर आणून ठेवला. म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ दे. तुलाबी ऐकाया मिळंल."