युरियाबद्दल मी दिलेल्या सल्ल्याविषयी

सप्तापूर, धारवाड
आषाढ, १९७४

तीर्थस्वरूप भीमअण्णांस धाकट्या चुलतभावाचा, पद्मनाभचा, साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमची तब्येत, कौसल्यावहिनींची कंबर आणि भाताची उंची यांविषयी सविस्तर कळवावं. (तुमच्या गावचा बाबू गवंडी परवा भेटला. तुम्ही माझ्याविषयी काय काय बोलता ते त्यानं सांगितलं. घरात बायकामाणसं असल्यामुळं तो अर्धंच सांगू शकला.)

तुमचा राग रास्त आहे. संक्रांतीला इथं आला होतात तेव्हा तुम्ही विचारलंत, युरिया आताच घेऊन ठेवू की पेरणीपर्यंत थांबू? मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा मला विचारणं साहजिकच होतं. मी थांबा म्हटलं. तुम्ही थांबलात. भाव थांबला नाही. आता पोतं जवळजवळ दुप्पट दरानं, तेही ओळखीपाळखीनं मिळतं, आणि तुमचं भात खताविना पिवळं पडतंय. याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढं मान्य करून पुढचं शांतपणे वाचावं.

यात चूक माझी नसून तेलवाल्या देशांची आहे. युरिया होतो नाफ्त्यापासून आणि नाफ्ता निघतो तेलातून. (राकेलचा चुलतभाऊ समजा.) तेल चौपट महागलं, तसा नाफ्ता महागला, तसा युरिया. त्यातच जगभर धान्याला भाव आला. भाव आला की प्रत्येक शेतकऱ्याला वाटतं, यंदा दोन मुठी जास्त टाकू. आणि सगळ्यांनीच दोन मुठी जास्त मागितल्या की पोतं आणखी चढतं. म्हणजे भाताला चांगला भाव यावा म्हणून वहिनी देवाजवळ दिवा लावतात, त्यानंही युरियाच वर जातो. हे मी संक्रांतीला सांगितलं नाही, कारण तेव्हा ते मलाही ठाऊक नव्हतं.

पण नुसती कारणं सांगून गप्प बसणारा मी नव्हे. तुमच्यासाठी शेण गोळा करून पाठवायचं ठरवलं. मागच्या गल्लीतल्या हिराबाईंच्या म्हशींचं शेण आजवर आम्ही नको नको म्हणत असताना आमच्या कुंपणाशी पडायचं. मी टोपली घेऊन गेलो तर त्या म्हणाल्या, "सर, राकेल मिळंना झालंय. शेण आता चुलीला लागतंय." म्हणजे तेलानं शेणालाही गाठलं. शिवाय सर स्वतः टोपली घेऊन फिरतात म्हणजे यात काहीतरी आहे, अशी बोलवा झाली आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीनं आपापलं शेण झाकून ठेवलं. तेव्हापासून सकाळी फिरायला जाताना मी टोपली बरोबर नेतो. विद्यार्थी मला पाहून रस्ता ओलांडतात. परसात गुडघाभर ढीग झाला आहे, तरी गाडी पाठवावी. (ताजं शेण या हंगामाला उपयोगी पडत नाही असं शेजारी बाळाचार्य म्हणतात. ते इतिहास शिकवतात.)

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो युरियासारखा दुर्मिळ होऊ नये.

तुमचा,
पद्मनाभ

ता. क. गाडी पाठवू नका. पत्र वाचून दाखवल्यावर तुमची भावजय कुसुम म्हणाली की ढिगाच्या तिनं कालच शेणी थापल्या. आमच्याकडंही राकेल नाही.

ता. क. २. ती आणखी एक बोलली, ते जरा टेकून वाचावं. संक्रांतीला मी थांबा म्हटलं तेव्हा ती आणि वहिनी स्वयंपाकघरात होत्या. "यांनी थांबा म्हटलं, तेव्हाच आम्ही घ्यायचं ठरवलं." तुमचा युरिया तेव्हापासून वहिनींच्या माहेरी, गोठ्याच्या माळ्यावर, भुशाखाली आहे. तण काढून भांगलण झाली की वहिनी सांगणारच होत्या; तोवर मला शिव्या देण्यात तुमचा वेळ बरा जात होता म्हणून त्या बोलल्या नाहीत. ओल धरून घट्ट झाला असेल, दांडक्यानं फोडून घ्या. अण्णा, भात वाचलं हे ऐकून मला रडू आलं.

ता. क. ३. आता खरी विनंती. सुगीनंतर भात कधी विकावं, हे मला यंदाही जरूर विचारा. फक्त वहिनी ऐकताहेत एवढं बघून विचारा, म्हणजे काय करू नये ते त्यांना कळेल.